बेळगावच्या थंडीत काकडणाऱ्या कोकणातल्या ताईंना

आधी एक काम करा ताई. सासऱ्यांच्या खोलीत रात्री कोळशाची शेगडी ठेवून दार-खिडकी लावून घेतो असं तुम्ही पत्रात जाता जाता एका ओळीत लिहिलंय ना, ती शेगडी आज रात्रीपासून बंद. बाकीचं सावकाश वाचा, नाही वाचलं तरी चालेल, पण एवढं कराच. कोळसा अर्धवट जळताना कार्बन मोनॉक्साइड सुटतो, त्याला वास नाही, रंग नाही, डोळे चुरचुरत नाहीत. रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटीच्या वर घट्ट त्याला धरून बसतं, म्हणजे खोलीत थोडासा साठला तरी रक्त हळूहळू त्यानंच भरत जातं. आधी डोकं जड होतं, मळमळतं, मग गुंगी येते, आणि बघणाऱ्याला वाटतं की म्हातारा माणूस शांत झोपलाय. धूर नाही म्हणजे भीती नाही असं सगळे धरून चालतात, पण लाल फुललेला, धूर संपलेला कोळसाच जास्त फसवतो.

हे मी ऐकीव सांगत नाही. फौजेत असताना लडाखमध्ये एका पोस्टवर आम्ही तिघं बुखारी पेटती ठेवून झोपलो होतो, बुखारी म्हणजे रॉकेलवर चालणारी शेगडी, धुराची नळी छतातून बाहेर काढलेली असते, ती नळी त्या रात्री बर्फानं बुजली. पहाऱ्यावरचा पोरगा ड्युटी बदलायला आत आला आणि दार सताड उघडं टाकून आम्हाला हलवायला लागला म्हणून आज हे लिहाय बसलोय. दोन दिवस डोकं ठणकत होतं. आणि मी तर मेडिकलचा माणूस, बाकीच्यांना बुखारी विझवून झोपा म्हणून लेक्चर देणारा! थंडी वाजाय लागली की शहाणा माणूसपण गाढवपणा करतो, त्यामुळं तुम्हाला दोष देत नाही. बाथरूममध्ये गॅस गीझर असेल तर तिथंपण तोच गॅस होऊ शकतो, खिडकी किंवा झरोका उघडा ठेवूनच अंघोळ करायची, वारा येतो म्हणून पुठ्ठा लावून बुजवायचा नाही.

आता ओळख. मी खानापूर तालुक्यातला, जांबोटीच्या बाजूचं गाव. आर्मी मेडिकल कोअरमध्ये २४ वर्षं नर्सिंग असिस्टंट होतो, त्यातली बरीच लेह आणि सियाचीन बेस कॅम्पच्या बाजूला गेली, रिटायर झाल्यापासून अकरा वर्षं खानापुरात एका डॉक्टरांच्या दवाखान्यात काम करतो. म्हणजे डॉक्टर नाही, पण थंडीनं माणसाचं काय काय होतंय ते हातानं हाताळलेलं आहे. आणि खरं सांगू का, मला स्वतःला थंडी अजिबात आवडत नाही. चोवीस वर्षांत एक दिवस आवडली नाही. पलटणीत सगळ्यांना वाटायचं की हा जंगलभागातला, ह्याला काय होतंय, पण मी सगळ्यात आधी कानटोपी घालणारा.

तुमचं म्हणणं असं की तुम्ही सावंतवाडीच्या, बँकेच्या बदलीनं जूनमध्ये बेळगावला आलाय, टिळकवाडीत तळमजल्यावर भाड्याचं घर, पाऊस काढला पण नोव्हेंबर उजाडला तसा जीव नकोसा झालाय. पाय रात्रभर गार, पहाटे उठायचं म्हटलं की रडू येतं, सासूबाई म्हणतात सवय होईल, नवरा म्हणतो ही कसली थंडी, दिल्लीला बघ. सासरे सत्तरीचे, बीपीचे. आणि शेवटी विचारलंय की बदली मागून घेऊ का. त्या बदलीचं शेवटी बोलू.

नवऱ्याच्या वाक्यापासून सुरू करतो कारण तिथंच सगळी मेख आहे. मला लेहपेक्षा आमच्या गावच्या घरात जास्त थंडी वाजली आहे, हे ऐकून लोक हसतात, पण खरंच आहे. लेहला बाहेर उणे पंधरा-वीस असलं तरी आपण आत असतो तेव्हा बुखारी असते, फरशीवर लाकूड नाहीतर जाड सतरंजी असते, अंगावर चार थर असतात, सगळी सोय थंडीला धरून केलेली. आपल्या बेळगावात घरं बांधली ती पावसासाठी. भिंतीला झरोके, खिडकीच्या फटी, खाली गुळगुळीत टाइल्स नाहीतर शाबादी फरशी, वर स्लॅब किंवा कौलं. हिकडं डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा १३-१४ पर्यंत उतरतो, एखाद्या रात्री दहाच्या खालीपण जातो, आमच्या जांबोटी-कणकुंबीकडं आणखी. पण दुपारी त्याच दिवशी २८-३० असतं की! म्हणजे बाहेर कडक ऊन आणि आपण मात्र गार पेटीत बसलोय, आणि वर सुती गाऊन, अनवाणी पाय. तुम्हाला लागतीय ती घरातली थंडी ताई. ती खोटी नाही आणि तुम्ही नाजूकपण नाही. फक्त तिच्यावरचा उपाय दिल्लीवाल्यांच्या उलटा आहे. तिकडं थंडी लागली की घरात पळायचं, हिकडं थंडी लागली की बाहेर उन्हात पळायचं.

घरातलं ऊन पण वापरा. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेच्या अंगानं जातो, त्यामुळं दक्षिणेच्या खिडकीतून ऊन चांगलं आत येतं, उत्तरेच्या खोलीत अजिबात नाही. अकरा ते चार दक्षिण-पश्चिमेच्या खिडक्या उघड्या, पडदे बाजूला, आणि साडेचार-पाचला सगळं बंद करून जाड पडदा. लोक उलटं करतात, दिवसभर थंडी आत येईल म्हणून बंद आणि संध्याकाळी जरा हवा येऊ दे म्हणून उघडं, म्हणजे मिळालेलं ऊन पण घालवलं. तुम्ही बँकेत असणार, पण सासूबाई घरी आहेत, त्यांना सांगा. अंथरुणं दुपारी गच्चीवर टाका, आणि ऊन असतानाच, चारच्या आत काढा, सहाला काढलीत तर गारठा घेऊनच येतील. आणि झोपायची खोली बदलता आली तर बघा. उत्तरेकडची खोली कितीही मोठी आणि छान असली तरी हे तीन महिने तिथं झोपायचं नाही.

पायाबद्दल जरा जास्त लिहितो, कारण फौजेत आमचं सगळ्यात जास्त लक्ष पायांवर असायचं. पहाटे घरात थर्मामीटर १८-१९ दाखवेल, टाइल पण तेवढीच आणि लाकडी पाट पण तेवढाच, पण पाटावर उभं राहिलं तर बरं वाटतं आणि टाइलवर पाय ठेवला की कळ डोक्यात जाते. कारण टाइल पायातली ऊब भराभर ओढून घेते. त्यामुळं घरात जाड तळव्याची चप्पल, आणि पलंगाच्या बाजूला, ओट्यापुढं, देवापुढं एकेक जाड पायपुसणं किंवा जुनी वाकळ घडी घालून टाका. देवापुढं चप्पल चालत नसेल तर लोकरीचे मोजे चालतात, देवाची काय हरकत नाही.

मोज्यांत सगळे चुकतात. दिवसभर घातलेले मोजे रात्री घालून झोपायचं नाही, कधीच नाही. पायाला घाम येतो, कळत नाही पण येतो, आणि ओल्या कपड्यातून ऊब फार लवकर जाते, पाणी हवेपेक्षा पंचवीसएक पटीनं जास्त उष्णता वाहून नेतं. आमच्याकडं झोपायचे मोजे वेगळे, ते स्लीपिंग बॅगच्या बाहेर यायचेच नाहीत. पाय कोरडे पुसून, बोटांच्या मधून पण, मग कोरडे सैल मोजे. सैल म्हणजे सैल. एकावर एक दोन घट्ट मोजे घातले की रक्तच खाली उतरत नाही आणि पाय आणखी गार पडतात, मग माणूस तिसरा चढवतो. एक पातळ सुती आणि वर एक ढगळ लोकरीचा, झालं.

गार पडलेले पाय एकदम शेकोटीवर धरू नका, आणि कढत पाण्यातही बुडवू नका. बधिर पायाला चटका कळत नाही. दुसरं म्हणजे गारठलेली बोटं अशी झटकन तापवली की काही जणांना लाल-जांभळ्या गाठी येतात, खाज सुटते, आग होते. ह्याला चिलब्लेन म्हणतात, त्याला बर्फ लागत नाही, दमट गारठ्यात पण होतं. कोमट पाणी, कोपर बुडवून सोसेल एवढं, दहा मिनिटं, मग पुसून मोजे. टाचा फुटल्या असतील तर मी क्रीम सांगणार नाही, तुमच्या माहेरी मुठेल मिळतं की! कोकमाचं ते मुठेल जरा गरम करून रात्री टाचेला भरा आणि वर मोजा.

रूम हीटर घेऊ का असं विचारलंय. घ्या वाटलं तर, पण आधी हिशोब करा. दोन हजार वॉटचा हीटर तासाला दोन युनिट खातो, रात्री सहा तास चालला तर बारा युनिट, सतरा रात्रीत दोनशे पार. गृहज्योतीत, म्हणजे कर्नाटक सरकारच्या मोफत विजेच्या योजनेत, तुम्ही बसत असाल तर दोनशे युनिट ओलांडले की अख्खं बिल भरायला लागतं, फक्त वरचंच नाही. आणि एवढं करून खोली गरम होत नाही, झरोक्यातनं सगळं बाहेर जातं, गरम हवा वर छताला आणि आपले पाय खाली गारच. म्हणून माझं म्हणणं, खोलीच्या मागं लागू नका, अंथरूण गरम करा. इलेक्ट्रिक ब्लँकेट साधारण शंभर वॉटचं असतं, झोपायच्या आधी अर्धा तास चालू करायचं, अंथरुणात शिरताना बंद करायचं, महिन्याला दीड-दोन युनिट. किंवा गरम पाण्याची रबरी पिशवी, उकळतं पाणी नको, दोन तृतीयांश भरायची, वरची हवा दाबून काढायची, टॉवेलात गुंडाळून पायाकडं. दोन्ही एकत्र नकोत. सासऱ्यांना शुगर पण असेल आणि पायाला मुंग्या-बधिरपणा असेल तर त्यांच्या पायाला पिशवी लावूच नका, आमच्या दवाखान्यात दरवर्षी जानेवारीत असे भाजलेले पाय येतात, पेशंटला सकाळी मोजा काढल्यावर कळतं.

हीटर घेतलाच तर जाड पिनेचा, भिंतीतल्या पॉवर पॉइंटला, एक्स्टेंशन बोर्डला नाही, आणि त्यावर मोजे वाळत घालायचे नाहीत. बादलीतल्या रॉडबद्दल काय बोलू, बंद करून पिन काढल्याशिवाय पाण्यात बोट नाही, एवढंच.

अंथरूण. लोक पांघरुणावर पांघरूण घालत जातात आणि खालून गारठतात. आपल्या वजनानं गादीतला कापूस दबतो, त्यात हवा राहत नाही, आणि ऊब धरते ती अडकलेली हवाच, कापड नुसतं ती हवा पकडून ठेवतं. म्हणून वरचं एक पांघरूण काढून खाली घाला, फरक त्याच रात्री कळेल. गादीवर वाकळ, कानडीत हिला कौदी म्हणतात, आमच्याकडं दोन्ही शब्द चालतात, जुन्या साड्यांचे थर शिवलेली. आणि मिळाली तर घोंगडी घ्या, खऱ्या लोकरीची. नवी घोंगडी चिंचोक्याची खळ दिलेली असते त्यामुळं कडक असते आणि टोचते, तर ती अंगाला लावायची नाही, खाली मऊ चादर, मग पातळ रजई, सगळ्यात वर घोंगडी. वापरून वापरून मऊ होते. बाजारात ती गुळगुळीत दोन पदरी ब्लँकेट मिळतात ती वाईट नाहीत, फक्त त्यात घाम धरतो, मध्यरात्री गरम होऊन आपण लाथ मारतो आणि पहाटे गारठून उठतो.

कपड्यांना पण तेच, एक जाड स्वेटरपेक्षा दोन पातळ बरे. आणि घाम येऊ द्यायचा नाही. आमच्याकडं चढाला लागायच्या आधी वरचा थर काढून ठेवायला लावायचे, नवीन पोरं म्हणायची थंडी वाजतीय साहेब, वाजू दे म्हणायचं, दहा मिनिटांत गरम होशील, पण घामानं भिजलास तर थांबल्यावर मरशील. तुम्हाला तेवढं नको, पण सकाळी स्वयंपाक करताना, झाडून काढताना स्वेटर काढून ठेवा आणि काम थांबलं की लगेच घाला. ओट्यापुढं गाऊनचा पदर-बाही ओली होते ना, ती तशीच अंगावर वाळवू नका. डोक्यातून अर्धी ऊब निघून जाते असं आम्हालापण ट्रेनिंगमध्ये सांगायचे, ते खरं नाही, डोकं हा अंगाचा जेवढा भाग आहे तेवढीच जाते, साधारण दहा टक्के. पण रात्री पांघरुणाच्या बाहेर डोकंच असतं, त्यामुळं कानटोपी घालून झोपा, कोण बघायला येतंय. स्कूटीवरून सकाळी बँकेत जाताना स्वेटरच्या आत छातीवर कालचा तरुण भारत पेपर उघडून घाला. वारा कागदातून जात नाही. हसू नका, करून बघा. हातमोजे मात्र घ्याच.

आता पहाट. सगळ्यात जास्त गारठा मध्यरात्री नसतो, तो सूर्य उगवायच्या आसपास असतो, कारण जमीन रात्रभर नुसती गार होत राहते आणि ऊन येईपर्यंत तिला भर मिळत नाही. जानेवारीत हिकडं सूर्य सातच्या पुढं उगवतो. आणि तुम्ही उठताय साडेपाचला, अंघोळ करताय सहाला! म्हणजे दिवसातल्या सगळ्यात गार वेळी ओलं होताय. बँक दहाची आहे ना, मग उठा सहा-साडेसहाला, अंघोळ साडेआठला करा, नाहीतर आदल्या दिवशी संध्याकाळी करा. न्हाल्याशिवाय ओट्यापुढं जायचं नाही असं घरात असेल तर सासूबाईंशी तुम्हीच काय ते बोला, मी ह्यात पडत नाही, पण आमच्या आईनं माझ्या बायकोला हातपाय-तोंड धुऊन चालतंय असं सांगितलं होतं आणि आमच्याकडं अन्न काही बाटलं नाही. उठायच्या आधी पांघरुणातच सायकल मारल्यासारखे पाय तीस-चाळीस वेळा हलवा, मुठी उघडझाप करा. ऊब तयार करणारी शेगडी स्नायूच आहेत, कुडकुडणं म्हणजे दुसरं काय, अंग स्वतःच व्यायाम करून घेतंय. मराठा लाइट इन्फंट्रीची पोरं पहाटे कॅम्पात हाफ पँटवर पळतात ती काय पोलादाची नसतात, पळतात म्हणून थंडी वाजत नाही. उभी केली की तीच काकडतात, मी बघितलंय.

सवय होईल हे सासूबाईंचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. रोज थोडी थोडी थंडी लागली की दोन-तीन आठवड्यांत अंगाची ओरड कमी होते, कुडकुडणं उशिरा सुरू होतं. पण ती सवय रोज अंगावर घेतली तर लागते, रडत सोसली तर नाही. सकाळी ऊन आल्यावर शालीशिवाय दहा मिनिटं चालून या, एवढं पुरे. बर्फाच्या पाण्यानं अंघोळ वगैरे व्हिडिओ बघून काही करू नका.

खाण्याचं थोडक्यात. बाजरी उष्ण, तीळ उष्ण हे आपण म्हणतो, त्यावर मी वाद घालत नाही, भोगीला बाजरीची तीळ लावलेली भाकरी मी दोन जास्तच खातो. पण मुख्य म्हणजे पोट रिकामं ठेवायचं नाही, अन्न पचताना ऊब तयार होते, आणि सगळ्यात जास्त डाळी-उसळी-अंडी-मटण पचताना. सकाळी नुसत्या चहा-बिस्किटावर स्कूटीवर बसणाऱ्या बायकांना दुपारपर्यंत थंडी वाजणारच. संध्याकाळी हुलग्याचं माडगं करा, कोकणात तुम्ही कुळथाचं पिठलं करता त्याचाच पातळ भाऊ, लसूण-जिऱ्याची फोडणी, वाटीभर गरम गरम, त्यासारखं दुसरं नाही. पाणी कमी पिऊ नका. थंडीत लघवी जास्त होते, कारण कातडीच्या रक्तवाहिन्या आवळतात आणि रक्त आत सरकतं, मूत्रपिंडाला वाटतं पाणी जास्त झालंय. लोक रात्री उठायला नको म्हणून पाणीच तोडतात, मग बद्धकोष्ठ, पायात गोळे. दिवसा कोमट पाणी प्या, रात्री आठनंतर कमी करा.

आणि हो, नवरा थंडीसाठी एक पेग म्हणत असेल, गोवा जवळ आहे, मिळतं स्वस्तात. रमचा कोटा आम्हालापण होता. दारूनं कातडीकडं रक्त येतं म्हणून गरम वाटतं, पण ती आतली ऊब बाहेर चाललेली असते. आमच्याकडं नियम होता, घेऊन बाहेर पडायचं नाही. ज्यांनी मोडला त्यांच्या बोटांची मलमपट्टी मी केलीय.

सासऱ्यांचं नीट ऐका. थंडीत रक्तवाहिन्या आवळतात म्हणून बीपी वर चढतं, उन्हाळ्यात ज्या गोळीवर छान चाललं होतं ती गोळी जानेवारीत कमी पडू शकते. हार्ट अटॅक आणि लकवा थंडीत जास्त होतात, त्यात पहाटेची वेळ वाईट. म्हणून पहाटे साडेपाचचं फिरणं बंद, आठनंतर उन्हात. उठल्यावर मिनिटभर पलंगावर बसायचं, मग उभं राहायचं. अंघोळीला पाणी कोमट, पहिला तांब्या पायावर, मग गुडघे, मग अंग, डोक्यावर शेवटी, एकदम गार पाणी डोक्यावर घेतलं की श्वास अडकतो आणि बीपी उसळतं. आठवड्यातून दोनदा बीपी मोजून वहीत लिहा, आणि चढतंय असं दिसलं तर डॉक्टरांकडं, शेजाऱ्याची गोळी नाही. बीपीच्या गोळ्यांपैकी काही, एटेनोलॉल-प्रोप्रॅनोलॉलच्या घरातल्या, हातपाय गार पाडतात, तसं असेल तर डॉक्टरांना सांगा, आपल्या मनानं बंद करायची नाही, ती अचानक बंद केली तर घात होतो.

आता तुमचं. पाय गार, थकवा, रडू, हे सगळं नुसत्या थंडीच्या खात्यात टाकू नका. आमच्या दवाखान्यात दर हिवाळ्यात चार-पाच बायका थंडी सोसत नाही म्हणून येतात आणि निघतं थायरॉइड, नाहीतर हिमोग्लोबिन आठ. थायरॉइड कमी असलं की अंगाची भट्टीच मंद जळते, रक्त कमी असलं की ऊब हातापायापर्यंत पोचत नाही. एक सोपा प्रश्न विचारतो. मे महिन्यात सावंतवाडीत सगळे घामानं भिजलेले असताना तुम्ही पंखा बंद करा म्हणत होता का? केस गळतात का, पाळीत अंगावर जास्त जातं का, वजन वाढलंय का, पोट साफ होत नाही का? ह्यातलं दोन-तीन होय असेल तर टीएसएच (थायरॉइडची टेस्ट), हिमोग्लोबिन, बी-१२ आणि शुगर एवढ्या टेस्ट करून घ्या. बाईमाणसाचं हिमोग्लोबिन बाराच्या खाली म्हणजे कमीच, दहा म्हणजे ‘आमच्यात सगळ्यांचं तेवढंच असतं’ म्हणून सोडायचं नाही. बोटं गारठली की आधी पांढरी, मग निळी, मग लाल होतात असं दिसत असेल तर फोटो काढून ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा, तो वेगळा प्रकार आहे. रडू येतंय ते दुपारी उन्हात बसल्यावर पण जात नसेल, झोप-भूक गेली असेल, तर तेही सांगा. युरोपात वरच्या देशांत हिवाळ्यात उजेडच नसतो म्हणून माणसं खचतात, पण हिकडं डिसेंबरातला सगळ्यात लहान दिवस पण अकरा तासांच्या वर असतो. बेळगावचा अंधार बघायचा तर जुलैत बघायचा, आणि जुलै तर तुम्ही काढलाय. नवीन गाव, ओळखी नाहीत, कानडी येत नाही, ह्याचं ओझं पण कधी कधी थंडीच्या नावावर जमा होतं. बँकेत दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत डबा संपवून पंधरा मिनिटं उन्हात जाऊन उभं राहा, एखादी मैत्रीण धरून. हरभऱ्याचे ढाळे येताहेत बाजारात, दहा-वीस रुपयांची पेंढी घ्या आणि सोलत उभं राहा, तेवढ्यात दोन कानडी शब्द पण होतील.

राहिली बदली. संक्रांतीपासून दिवस तिळातिळानं मोठा होतो असं म्हणतात, आणि आमच्याकडं कानडी माणसं म्हणतात की शिवरात्रीला थंडी ‘शिव शिव’ करत निघून जाते. म्हणजे मोजून दोन महिने राहिले. तेवढे काढा. मग मेमध्ये सुट्टीला सावंतवाडीला जा, चार दिवस घामोळ्यात काढा, रात्री लाइट गेली की पंख्याविना पडा, आणि परत येताना आंबोलीचा घाट चढून चंदगडकडनं बेळगावात उतरलात की मग अर्ज लिहायचा का ते ठरवा. जानेवारीत पहाटे सहाला लिहिलेला अर्ज मी तरी धरणार नाही.

सासऱ्यांचं बीपी आज रात्री आणि उद्या सकाळी, दोन्ही वेळचं मोजून कळवा. आणि शेगडी बाहेर काढली का तेही.